कामकरी वस्तीतील हिप-हॉप



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर एक व्याख्यान द्यावे, असे निमंत्रण चालकांकडून आले तेव्हा त्यांची अपेक्षा काय असेल हे आम्ही ओळखून होतो. आपल्या शहरात इतिहास म्हटला की घोडबंदरचा किल्ला, धारावी बेटावरचा किल्ला आणि १७३७ ते १७३९ ची चिमाजी अप्पांची वसईची मोहीम, एवढे ठरलेले असते. त्या मोहिमेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु ती सांगणारे अभ्यासक पुष्कळ आहेत आणि ते आमच्याहून कितीतरी चांगली सांगतात. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कारखान्यांच्या दारांवरच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा ज्या इतिहासाकडे अजून फारसे कोणी वळलेले नाही, आणि जो आमच्या डोळ्यांदेखत, थोडा आमच्या चुकीतूनही घडला, तो आज मांडावा असे योजिले आहे. विषय आहे हिप-हॉप.

हे नाव ऐकून पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर आम्हांला त्याचा राग नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याही कपाळाला ती पडली होती. ती हकिगत आधी सांगतो.

भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहान-लहान कारखाने आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. पत्र्याची गोल चकती प्रेसवर दाबायची, तिचे ताट किंवा पातेले करायचे, आणि मग ते पॉलिशवाल्याकडे द्यायचे. पॉलिशवाला दिवसभर फिरत्या चाकापुढे वाकलेला असतो. संध्याकाळी भांडे आरशासारखे लखलखते आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडलेला असतो. या कामगारांत आमचे आयुष्य गेले. २०११ साली एका रविवारी त्यांच्यातलाच एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा सात-आठ सोबत्यांना घेऊन कचेरीत आला. कचेरीवर पत्रे घातलेली गच्ची आहे. ती रात्री नऊनंतर दोन तास सरावाला मिळेल का, असे त्याने विचारले. कसला सराव, म्हटले, तर नाचाचा.

‘‘हिप-हॉप आहे, काका. गाद्या आमच्या आम्ही आणू. फक्त जागा द्या.’’

आम्ही म्हणालो, ‘‘ही कामगारांची जागा आहे, नाचगाण्याची नव्हे.’’

‘‘आम्हीपण कामगारच आहोत की,’’ तो म्हणाला.

याला उत्तर नव्हते, म्हणून आम्ही दिले नाही. मुले निघून गेली.

सहा-सात महिन्यांनी तोच मुलगा एकटा आला. उजवे मनगट प्लास्टरमध्ये होते. रात्री एका मोकळ्या जागेत काँक्रीटवर सराव करताना त्याची उलटी उडी चुकली होती. दीड महिना कामावर जाता आले नाही; मालकाने दुसरा माणूस ठेवला. काही भरपाई मिळेल का, एवढेच त्याला विचारायचे होते. प्रेसखाली गेलेल्या बोटाची भरपाई कशी मागायची, हे आम्हांला झोपेतून उठवले तरी सांगता आले असते. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, तेव्हापासून ती वाट मळलेली आहे. पण काम सुटल्यावर, काँक्रीटवर, नाचताना मोडलेल्या मनगटाला कोणते कलम लावायचे? अपघात कामावर झालेला नव्हता. कायद्याने मालकाचे म्हणणे बरोबर होते. आणि आमच्या गच्चीवर त्या दिवशीही वर्गणीच्या जुन्या पावत्यांचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या होत्या.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. इंग्रजी वाचताना अडखळलो, तेव्हा ज्यांना नाही म्हटले होते त्या पोरांनाच अर्थ विचारले. जे हाती लागले ते असे.

न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा एक भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ पासून, त्याच्या मधून एक रुंद मोटाररस्ता काढण्यात आला. वाटेत आलेली वस्ती उठली, हजारो माणसे पांगली. ज्यांना परवडले ती उपनगरांत गेली. कारखाने एकामागून एक बंद झाले. मागे राहिले ते बहुतेक गरीब, काळे आणि पोर्तो रिकोहून आलेले लोक. १९७० नंतरच्या दशकात तेथे इमारतींना आगी लागू लागल्या. त्यांतल्या कित्येक घरमालकांनीच विम्याच्या पैशांसाठी लावविलेल्या होत्या. १९७५ साली तर सबंध शहराची तिजोरी दिवाळखोरीच्या काठाला आली.

अशा त्या वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, भाडेकरूंसाठी ठेवलेल्या करमणुकीच्या खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीने एक जलसा भरविला. शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट तिकीट ठेवले. रेकॉर्डी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह बसला. हे कुटुंब मूळचे जमैकाचे. हाच क्लाइव्ह पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला.

या मुलाने एक गोष्ट हेरली होती. गाणे चालू असताना मध्येच गायक थांबतो आणि नुसते ढोल वाजतात. नाचणारे त्याच क्षणाची वाट पाहत असतात. तो तुकडा काही सेकंदांचाच असतो. हर्कने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी शेजारी-शेजारी दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा आणि तेवढ्यात पहिली मागे फिरवून ठेवायची. अशा रीतीने ठेका हवा तेवढा लांबविता आला. आमच्या तमाशातील ढोलकीवाल्याला यात परके काही वाटणार नाही. नाचणारीचा पाय रंगात आला की तोही आवर्तन लांबवितोच. त्या ठेक्यावर जमिनीवर झोकून देत नाचणारा तो बी-बॉय, माइकवर यमके जुळवीत बोलणारा तो एमसी, रेकॉर्डी फिरविणारा तो डीजे आणि भिंतीवर रंगाने आपले नाव रेखाटणारा तो ग्राफिटीवाला. या चार अंगांना मिळून हिप-हॉप म्हणतात. त्यातले बोलणे म्हणजे रॅप. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह या मंडळींची ‘द मेसेज’ ही रेकॉर्ड निघाली आणि वस्तीतल्या जगण्याचे वर्णन करणे हेही या कलेचे काम आहे, हे जगाला कळले.

हे वाचताना आम्हांला आमचे वडील आठवले. ते लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कोणी अधिकृतपणे मागे घेतला नाही. माणसेच हळूहळू पांगली. कोणी गावी गेले, कोणी भाजीची गाडी लावली. वडिलांनी चाळीतली खोली सोडली आणि आम्हांला घेऊन ते भाईंदरला आले. तेव्हा येथे मिठागरे, भातशेती आणि किनाऱ्यावर मासेमारी होती. १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती; २०११ च्या जनगणनेत ती ८ लाख ९ हजारांवर गेली. ही माणसे आकाशातून पडली नाहीत. मुंबईने ज्यांचे श्रम घेतले आणि ज्यांना राहायला जागा दिली नाही, ती लोकलच्या रुळांनी उत्तरेकडे सरकत सरकत खाडीच्या काठाला आली. कोकणातला, घाटावरचा, उत्तर प्रदेशचा, राजस्थानचा, गुजरातचा असा सगळा माणूस एका चाळीत आला. ब्राँक्समध्ये आगी लागल्या, येथे लागल्या नाहीत; दोन ठिकाणचा इतिहास एक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण काम गेलेल्या आणि काठावर लोटलेल्या वस्तीतली पोरे रात्री काय करतात, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

येथे कोणी म्हणेल, ‘‘कामगारांची कला हवी तर आपली शाहिरी आहे, परदेशची उसनवारी कशाला?’’ हा आक्षेप आम्ही स्वतःच बरीच वर्षे घेत होतो, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

आपल्याकडे कलगी-तुऱ्याची परंपरा आहे. तुरेवाले शिवाचा मोठेपणा गाणार, कलगीवाले शक्तीचा. एकाने छंदात कोडे घालायचे आणि दुसऱ्याने तेथल्या तेथे छंदातच उत्तर द्यायचे. हरला त्याची भर सभेत फजिती. आजची रॅप गाणारी मुले वर्तुळ करून उभी राहतात, त्याला ती सायफर म्हणतात. दोघे समोरासमोर येऊन यमकांनी एकमेकांना चीत करतात, त्याला बॅटल म्हणतात. ज्याने एकदा रात्रभर सवाल-जवाब ऐकला आहे, त्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. पुढे सत्यशोधकांनी जलसा काढला, आंबेडकरी चळवळीने जलसा काढला, आणि १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणीतला पगार, चाळीतली खोली, गावी राहिलेली बायको हे त्यांच्या गाण्याचे विषय झाले. आमच्या वडिलांनी अमर शेखांचा आवाज लाउडस्पीकरवाचून मैदानाच्या टोकाला ऐकला होता, असे ते मरेपर्यंत सांगत. त्यानंतर कामगारांच्या मोहल्ल्यांतून नारायण सुर्वे आले, नामदेव ढसाळ आले. १९७२ साली ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने वस्तीतला शब्द जसाच्या तसा कवितेत आणला, तेव्हाही सभ्य लोकांच्या कपाळाला आठी पडलीच होती.

तथापि रॅप हे पोवाड्याचे अपत्य आहे, असे सांगणे खोटे होईल. या पोरांनी ते पोवाड्यापासून उचलले नाही. ब्राँक्सच्या पोरांपासून उचलले. हे नाते वंशाचे नाही, शेजाराचे आहे. हार्मोनियम तरी कोठे आपली होती? ती युरोपातून आली आणि भजनी मंडळात जाऊन बसली. भाईंदरहून सकाळच्या चर्चगेट गाडीत डब्याच्या पत्र्यावर थाप मारीत भजन म्हणणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्याच डब्यात, त्याच पत्र्यावर ठेका धरून रॅप म्हणणारी पोरेही आता दिसतात. पत्रा कोणाचे भांडवल नाही. ज्याला ठेका येतो त्याचा तो.

आता मुंबईत ही कला कशी रुजली ते थोडक्यात पाहू. प्रथम ती इंग्रजी बोलणाऱ्या, परदेशी वाहिन्या पाहणाऱ्या मुलांत होती. ती गल्लीत उतरली ती दोन कारणांनी. एक, गाणे तयार करण्याची साधने स्वस्त झाली. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, ‘आफत’ हे गाणे एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले, त्याच्यावरच चित्रित केले आणि २०१४ साली लोकांपुढे ठेवले. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. दुसरे कारण भाषेचे. अंधेरीच्या विवियन फर्नांडिसने, म्हणजे डिव्हाइनने, इंग्रजी बाजूला ठेवून नाक्यावरची हिंदी घेतली. २०१५ साली या दोघांनी ‘मेरे गली में’ केले. २०१६ च्या सप्टेंबरात मोबाइलवरचे इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि ही गाणी झोपडपट्टीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०१९ मध्ये झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ हा चित्रपट आला, तेव्हा पांढरपेशा वर्गालाही बातमी लागली. पण त्याआधीच धारावीत पोरांचे जथे उभे राहिले होते. (ही मुंबईची धारावी, आपल्या बेटाशी तिचे फक्त नाव जुळते.)

मराठीतही हे सुरू झाले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्या मातीतल्या बोलीत रॅप करू लागला. तो ज्या ‘स्वदेशी’ नावाच्या जथ्यात आहे, त्या मंडळींनी २०१९ साली आरे जंगलातील वारली पाड्यांच्या प्रश्नावर ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले आणि त्यात आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे रातोरात तोडली गेली. याच जथ्यातला, गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार २०२२ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. कल्याणला वाढलेल्या दीपा उन्नीकृष्णन यांनी डी एमसी या नावाने या पुरुषी घोळक्यात जागा मिळविली. २०२३ साली छत्रपती संभाजीनगरच्या एका रॅपरवर राज्यातील पक्षफुटीवरील गाण्यापायी गुन्हा दाखल झाला. शाहिरांना हा अनुभव नवा नाही. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याला लोकनाट्य म्हणून उभे केले.

हे झाले बोलण्याचे. आपल्या खाडीच्या दोन्ही काठांवर मात्र हिप-हॉप आले ते मुख्यतः अंगाने, म्हणजे नाचाने. याचेही कारण आहे. रॅपला शब्द लागतात, आणि आपल्या वस्तीत एका जिन्यावर पाच भाषा आहेत. नाचाला एकच भाषा पुरते. वसई-नालासोपाऱ्याच्या बाजूला सुरेश मुकुंद यांनी मुलांचा जथा बांधला. ‘किंग्ज युनायटेड’ या नावाने तो २०१५ साली अमेरिकेत सॅन दिएगोला हिप-हॉप नृत्याच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आला आणि २०१९ साली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही अमेरिकन दूरचित्रवाणीवरची स्पर्धा त्याने जिंकली. आणि ‘व्ही अनबीटेबल’ हा जथा तर आपल्याच भाईंदर-नायगावच्या पट्ट्यातल्या वस्त्यांमधला. माणसावर माणूस चढवायचा, वरच्याला हवेत फेकायचा, खालच्यांनी झेलायचा, आणि हे सारे ठेक्यावर. आपल्या दहीहंडीच्या थरांशी याचे नाते शोधायला पंडित लागत नाही. २०१९ साली ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ या स्पर्धेत ही पोरे चौथी आली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिच्याच विजेत्यांच्या स्पर्धेत पहिली आली. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात अशा घरांतली ही मुले.

त्यांच्या नावातला ‘व्ही’ कशाचा, हे सर्वांना माहीत असतेच असे नाही. विकास नावाचा त्यांचा सोबती होता. स्पर्धेच्या कित्येक वर्षे आधी सराव करताना तो पडला, अंग लुळे पडले आणि काही आठवड्यांत तो गेला. जथा मोडला नाही. त्याने विकासचे आद्याक्षर आपल्या नावापुढे लावले आणि त्याचे नाव पाठीवर घालून तो अमेरिकेच्या रंगमंचावर उभा राहिला. परीक्षक उभे राहिले, प्रेक्षक रडले. आम्हीही कचेरीतल्या मोबाइलवर ते पाहिले आणि डोळे पुसले. पण कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाचे डोळे पुसून झाले की तो एक प्रश्न विचारतो: पडताना खाली काय होते? गादी होती का? कारखान्यात माणूस मेला तर आम्ही दाराशी उभे राहून हाच प्रश्न विचारतो. येथे विचारायला दारच नव्हते. कारण या मुलांचा मालक कोणी नव्हता. ती स्वतंत्र होती.

‘स्वतंत्र’ या शब्दाशी येऊन ठेपलो, ते बरे झाले. या कलेत हा शब्द फार मानाचा आहे. जो कलावंत कंपनीच्या पैशावाचून गाणे करतो आणि ज्याच्या ध्वनिमुद्रणाची मालकी त्याच्याकडेच राहते, तो स्वतंत्र. यातला स्वाभिमान आम्हांला मान्य आहे. मालकी श्रमणाऱ्याकडे राहावी, हेच तर आम्ही जन्मभर सांगत आलो. पण आम्ही या शब्दाची दुसरी बाजूही पाहिलेली आहे. गिरण्या बंद झाल्यावर मागावर घरी काम करणाऱ्यालाही ‘तू आता स्वतंत्र’ असेच सांगितले गेले. आज मोटारसायकलवरून जेवण पोहोचविणाऱ्या पोरालाही तो कंपनीचा नोकर नसून भागीदार आहे, असे सांगतात. पाय मोडला की कळते, स्वतंत्र म्हणजे दवाखान्याचे बिल एकट्याचे.

इतिहास याची साक्ष देतो. पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांवर महाराष्ट्र डोलला आणि १९४५ साली बापूराव विपन्नावस्थेत गेले. अण्णाभाऊंचे नाव रशियापर्यंत पोहोचले. ते स्वतः तेथे जाऊन आले, त्यांचे प्रवासवर्णन निघाले, त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले. आणि १८ जुलै १९६९ रोजी हा माणूस गोरेगावच्या एका लहानशा घरात हालाखीत वारला. दोघेही कोणाचे नोकर नव्हते. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कोणीही वाईट नव्हते. फक्त टाळी आणि जेवण यांच्यामधली व्यवस्था कोणी उभी केली नव्हती.

आता ती काही अंशी उभी आहे, आणि हे आम्हांला फार उशिरा कळले. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकार कोणाला म्हणावे याची व्याख्या विस्तारली. त्या यादीत नट आहे, गायक आहे, वादक आहे, नर्तक आहे, कसरत करणारा आहे, जादूगार आहे, गारुडीदेखील आहे. आणि मौज अशी की, व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे आज या व्यासपीठावर उभे राहिलेले आम्ही आणि काँक्रीटवर उलटी उडी मारणारे ते पोर, कायद्याच्या एकाच ओळीत बसतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. गीतकाराचा आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा त्याच्याकडून कोणी लिहून घेऊ शकत नाही, आणि कलाकाराच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर त्यालाही वाटा मिळाला पाहिजे, असे ठरले. कागदावर हे चांगले आहे. पण मुले आमच्याकडे जे करार घेऊन येतात, ते पंधरा-वीस पानांचे इंग्रजीत असतात आणि सही आदल्या दिवशीच झालेली असते. कायदा एकेकट्याला हक्क देतो. तो बजावायला चार माणसे बरोबर लागतात. युनियन म्हणजे दुसरे काय असते?

या कलेत सगळेच सोने आहे असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ गाण्यांत नुसती शिवीगाळ असते, सोनसाखळीची आणि मोटारीची बढाई असते, बायकांविषयी असे काही असते की आमच्या मुलीसमोर ऐकवत नाही. मुली थोड्याच येतात. शेवटच्या गाडीने परत जायचे असेल तर येणार कशा? हे दोष सांगितलेच पाहिजेत, आणि आम्ही ते मुलांच्या तोंडावर सांगतो. तीही आम्हांला ऐकवतात. एकदा एक जण म्हणाला, ‘‘काका, तुमच्या युनियनच्या कमिटीत किती बायका आहेत?’’ आम्ही मोजल्या. त्या वर्षी एकही नव्हती. आता दोन आहेत.

शेवटी गच्चीचे सांगून पुरे करतो. पावत्यांचे गठ्ठे रद्दीवाल्याला दिले, खुर्च्या भंगारात घातल्या. वर्गणीतून कसरतीच्या जाड गाद्या घेतल्या; त्यावर कमिटीत दोन बैठका वाद झाला आणि ठराव एका मताने पास झाला. नियम मुलांनीच केले: गादीवाचून उडी नाही, नवी उडी तीन जणांच्या देखरेखीवाचून नाही, प्रत्येकाने महिन्याला वीस रुपये मदतनिधीत टाकायचे, आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद खाली कचेरीत आणायचा. चौथा नियम आमच्या आग्रहावरून झाला आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो.

मनगट मोडलेला तो मुलगा आता पस्तिशीला आला आहे. त्याचे मनगट पुरते वाकत नाही. तो पुन्हा पॉलिशवर लागला आणि रात्री लहान मुलांना शिकवितो. आमच्या त्या नकाराविषयी तो कधी बोलत नाही. आम्हीच एकदा काढले, तर म्हणाला, ‘‘जाऊ द्या हो काका, गादी नीट सरळ करा, कोपरा दुमडलाय.’’ आम्ही कोपरा सरळ केला.

मागच्या कामगार दिनाला आमचे भाषण चालू असताना सवयीप्रमाणे मागच्या रांगा उठू लागल्या. मग ही मुले पुढे आली. एकाने मराठीत, एकाने भोजपुरीत, एकाने हिंदीत पॉलिशच्या धुरळ्यावर, पगाराच्या तारखेवर आणि लोकलच्या दाराशी लटकण्यावर रॅप म्हटले. उठलेले लोक पुन्हा बसले. भाषणकर्त्याला हे थोडे लागले, हे कबूल करतो.

आपल्या शहरात सभागृहे आहेत, शाळांच्या इमारती रात्री रिकाम्या असतात, सोसायट्यांच्या गच्च्या आहेत. त्यांच्या किल्ल्या आपल्यापैकीच कोणाच्या तरी खिशात आहेत. चिमाजी अप्पांच्या काळी या बेटावर किल्ला घ्यायला फौज लागली. आज गच्चीची किल्ली द्यायला एक होकार पुरे होतो. आमच्याकडून तो द्यायला उशीर झाला, आपल्याकडून होऊ नये.